वाईच वाका, मास्तर

दोन्ही हात गुडघ्यांवर, डावा डोळा मिटलेला आणि उजवा काचेच्या मोजपात्राला भिडलेला. आमच्या लोणावळ्याच्या शाळेतले आबा पाणी मोजताना असे दिसत. "वाईच वाका, मास्तर. डोळा पान्याच्या रेघंला आना. वरनं बगितलं का लबाडी हुती."

मास्तर म्हणजे मी. महायुद्धाच्या आधीची गोष्ट, नुकताच बी.एस्सी. झालो होतो आणि वाकल्याने नव्या कोटाची इस्त्री मोडेल, ही तेव्हाची माझी सर्वांत मोठी काळजी. आबा प्रयोगशाळेचे शिपाई, भुशीहून चालत येत. पहिल्याच दिवशी मी उभ्याने माप वाचलं आणि दोन सीसींनी चुकलो. पाणी काचेच्या कडेला चढतं, मध्ये खोलगट राहतं. तो मधला तळ डोळ्यांसमोर आणून वाचायचा. मी हे पाठ केलं होतं. आबांनी मात्र तरुणपणी खंडाळ्याच्या एका दवाखान्यात औषधं मोजली जाताना पाहिली होती. म्हणत, "तितं चुकलं म्हंजी मानूस जायाचा."

मग तपासणीचे साहेब आले. मोजपात्रात पाणी ओतवून त्यांनी स्वतः वाचलं. उभ्याने, अर्थात. म्हणाले, "पन्नास."

कोपऱ्यातून आवाज आला, "अठ्ठेचाळीस हाय, सायेब. वाईच वाका."

हेडमास्तरांचा चेहरा असा झाला, जणू आबांनी साहेबांची पगडीच काढून घेतली. साहेब मात्र शांतपणे माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, मास्तर."

वाचकहो, वाकलो असतो तर अठ्ठेचाळीस दिसले असते. म्हणून मी वाकलोच नाही. "पन्नास," म्हणालो. कोटाची घडी शाबूत राहिली.

साहेब जेवले, ढेकर देऊन गाडीने पुण्याला गेले. ते ही गोष्ट विसरलेही असतील. हेडमास्तर विसरले नाहीत. "शिपाई साहेबांना वाका म्हणतो?" दुसऱ्या दिवसापासून आबा प्रयोगशाळेतून बाहेर, पिण्याच्या पाण्याचे रांजण भरायला. साठीच्या माणसाला विहिरीवर! माप चुकलं याचा राग एकालाही नव्हता. ते बरोबर सांगितलं याचा होता. आजही आठवलं की माझं डोकं तापतं, आणि तापलेल्या डोक्याने मी कुणाला शिव्या देतो? हेडमास्तरांना. सोपं पडतं.

चार महिने आबांनी रांजण भरले. मग कंबर धरली, आणि त्यांनी काम सोडलं. जाताना प्रयोगशाळेच्या दारात आले. आत पाऊल टाकलं नाही. हातात चहाच्या पेटीच्या फळ्यांचं एक खोकं होतं, नीट रंधा मारलेलं.

"ह्ये मेजावर ठिवा, त्यावर मापाची नळी. तुमच्या उंचीचं क्येलंय. आता उभ्यानं बी खरं दिसंल."

"आबा, त्या दिवशी मी..."

"पोरास्नी खरं माप दावा म्हंजी झालं," म्हणाले, आणि कंबरेवर हात ठेवून हळूहळू फाटकाकडे गेले. पुन्हा दिसले नाहीत.

खोकं आता माझ्या घरी आहे. बायको त्यावर लोणच्याची बरणी ठेवते, मी रागावतो, ती ठेवतेच. घरात कुणाला खोकला झाला की औषध मोजायचं काम माझं. दोन्ही हात गुडघ्यांवर, डावा डोळा मिटलेला. गुडघे कटकन वाजतात, मुलं हसतात.

त्या खोक्यावर मी मोजपात्र एकदाही ठेवलेलं नाही.