बेचाळीस किलोंचा बेस

अमळनेरचे प्रेमराज पाटील शाळेत भूगोल शिकवायचे आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. गिटारपेक्षा त्यांचा रुबाब होता तो स्पीकरच्या बॉक्समुळे. बेचाळीस किलोंचा बॉक्स! टेम्पोतून उतरवायला तीन माणसं लागत, आणि चौथे प्रेमराज, सूचना द्यायला.

"आवाज वजनातून येतो," असं ते नकाशावर नदी दाखवावी तसं ठामपणे सांगत.

एकदा तिघांची वाट न बघता त्यांनी बॉक्स स्वतःच उचलला. आठ दिवस अंथरुणात गेले. शेकायची पिशवी भरून देताना बायको दीपमाला म्हणाली, "तुम्हनी कंबर शे का क्रेन?"

नवव्या दिवशी ती त्यांना धुळ्याला, धनसिंगच्या साउंडच्या दुकानात घेऊन गेली. धनसिंगनं आधी एक चिमुकला बॉक्स जोडला. प्रेमराजांनी तार छेडली आणि तोंड वाकडं केलं. "हा तर डास गुणगुणतोय."

धनसिंग हसला. "हलका तर आहे ना? बरं, हे बघा." त्यानं दोन बारा इंची बॉक्स एकावर एक ठेवले. एकेक जेमतेम तेरा किलोंचा.

"किती वॅट?" प्रेमराजांचा पहिला प्रश्न.

"सर, वॅट म्हणजे खुराक. खाऊन आवाज किती देतो, ते बघायचं असतं. त्याचा आकडा डेसिबलमध्ये असतो. तीन डेसिबल जास्त असले, तर निम्म्या वॅटात तेवढाच आवाज. तुमच्या बॉक्सात लोखंडी जाडजूड चुंबक आहे. याच्यात छोटं, पण जास्त ताकदीचं. लाकूडही हलकं."

प्रेमराजांना आवाज कमीच वाटत होता. दीपमाला रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीत जाऊन बसली. प्रेमराजांनी वाजवलं. ती तिथूनच ओरडली, "चरकाच्या घुंगरापेक्षा तुमचंच ऐकू येतंय. घ्या आता!"

बॉक्स घेतले, पण मन मानेना. पुढच्याच आठवड्यात यावलला हळदीचा कार्यक्रम होता. प्रेमराजांनी दोन्ही हातांत एकेक बॉक्स घेतला आणि मंचावर चढले. मदतीला कुणी धावलं नाही. एवढं मोठं काय आणलंय, असंही कुणी विचारलं नाही. त्यांना जरा चुकल्यासारखंच झालं.

तिसऱ्या गाण्याला नवरीचे आजोबा, पितांबर आबा, काठी टेकत मंचापाशी आले. "भाऊ, ते जरासं कमी करा. मनी छातीमा धडधड व्हई ऱ्हायनी."

प्रेमराजांनी बटण जेमतेम केसभर फिरवलं. त्यांचा चेहरा असा फुलला, की आबांनी शिव्या दिल्या की आशीर्वाद, हे गायिकेला कळेना. गाणं संपल्यावर त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, म्हाताऱ्याची छाती हादरली!"

"आणि तुमची कंबर?" दीपमालानं विचारलं.

प्रेमराजांनी कमरेला हात लावून पाहिला. इतका वेळ तिच्याकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.