कोपऱ्यातला कडबा आणि माझे कान

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. पटलं नाही तर सोडून द्या... वाद घालण्याचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

मी मास्टरिंग करतो. म्हणजे रेकॉर्ड झालेलं गाणं लोकांपर्यंत जाण्याआधी त्यावरून शेवटचा हात फिरवणारा माणूस. वीस वर्षं पुण्यात तेच केलं, मग कंटाळून गेवराईला परत आलो. उमापूरच्या रस्त्याला बंद पडलेल्या दूध सोसायटीची एक खोली मिळाली. बारा बाय दहा, वर स्लॅब, एक दार, एक खिडकी. पाठोपाठ दोन दुष्काळ पडले, जनावरं विकली गेली, दूधच येईना म्हणून सोसायटीला कुलूप. आवारात चारा छावणी होती, तीही उठलेली.

अशा लहान खोलीत बेस, म्हणजे खालचा जड आवाज, कोपऱ्यात साचतो आणि कान फसतात. म्हणून भिंतींना जाड पॅनल आणि कोपऱ्यांत काहीतरी भरीव लागतं. पॅनलमध्ये मी जिनिंगवरचा टाकाऊ कापूस भरला. कोपऱ्यांचं काय करावं या विचारात असताना मागच्या शेडमध्ये छावणीचा उरलेला कडबा दिसला. भिजून काळा पडलेला, जनावर तोंड लावणार नाही असा. म्हटलं, वाया जातोय, वापरून बघू. दाराजवळच्या कोपऱ्यात पेंढ्या छतापर्यंत रचल्या. पुण्यात शिकलेली अक्कल गावात पाजळली, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज सुरू झाला. त्याच कोपऱ्यातून... खोल, लांबलेला, थांबून थांबून. पंखा बंद केला, मेन स्विच पाडला. आवाज आहेच. मोजमापाचा माइक तिथे ठेवून दहा मिनिटं रेकॉर्ड केलं, तर ग्राफवर सपाट रेघ. रेकॉर्डिंग ऐकलं तर शांतता, हेडफोन काढला की आवाज.

मी घाबरलो. भुताला नाही — कानांना. माझ्या धंद्यातल्या दोघांना असंच नसलेलं ऐकू यायला लागलं आणि त्यांचं काम सुटलं. शेहेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं येतंय तरी काय? आठवडाभर कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

मग एका दुपारी शेळ्या राखणारी एक म्हातारी सावलीसाठी आवारात आली. उघड्या दारात थबकली आणि कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "कुणाची गाय बांधलीस रे हितं? कवाधरनं हंबरायलीय."

मी खुर्ची सरकवून उठलो. "मावशी, तुम्हाला ऐकू येतंय?"

तिचं आपलं चालूच. "लई भुकेली हाय. एवढा कडबा रचून ठिवलास, अन् तिच्या म्होरं कावून टाकीनास?"

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. आनंदाने! गाय असो, भूत असो, काय वाट्टेल ते असो... माझे कान शाबूत होते. मी पेंढ्या सोडून कडबा जमिनीवर पसरला. आवाज तिथल्या तिथे थांबला. म्हातारीने मान हलवली. "खायलीय बघ आता."

तेवढ्यात मागे राहिलेल्या शेळ्या हाकत तिची सून आली. मी खुशीत म्हणालो, "तुमच्या सासूबाईंचे कान भलतेच तिखट आहेत हो."

"थट्टा कावून करता दादा?" ती म्हणाली. "आत्याबाईला धा वर्सं झाली, कानापाशी फटाका फुटला तरी ऐकू येत न्हाई. समदं हातानं खुणावून सांगावं लागतंय."

"त्यांची गाय होती का छावणीत?"

"आमच्यात गाय कवाच न्हवती. शेळ्याच हायेत."

त्यानंतर आवाज आलेला नाही. कडबा अजून तसाच पसरलेला आहे, बेसचा प्रश्नही तसाच. बायकोला शेवटी सगळं सांगितलं. ती म्हणते, बीडला जाऊन कान तपासून घ्या एकदा. दोनदा नंबर लावला, दोनदा दवाखान्याच्या दारातून परत आलो. कान बिघडलेले निघाले तर धंदा गेला. आणि चांगले निघाले तर... आठवडाभर माझ्या खोलीत कुणीतरी उपाशी उभं होतं आणि मी पंख्याची बटणं तपासत बसलो होतो. डॉक्टर यातलं काहीही म्हणाले तरी ते ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.