निळ्या कोटाची खुंटी

तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, म्हणून सगळी गल्ली तिला टाचणीमावशी म्हणायची. लोकांचे कपडे उसवायचे आणि मापात बसवून द्यायचे, हे तिचं काम. तेही राहत्या भाड्याच्या खोलीतच. खिडकीशी मशीन, आणि भिंतीवर बारा खुंट्या.

दोन वर्षांपूर्वी, जुन्या घरी राहत असताना, ती बटणं आणायला बाजारात गेली होती. भर दुपारी खालच्या मजल्यावर वायर पेटली आणि होतं नव्हतं ते गेलं. घरमालकाचा विमा आहे, असं ती सगळ्यांना छातीठोकपणे सांगायची. होताही. पण तो भिंतींचा होता, भिंतींवर टांगलेल्याचा नव्हता. मालकानं भिंतींना नवा रंग दिला. मावशीच्या हाती आली एक कात्री, तीही मूठ वितळलेली.

तेव्हापासून ती कुणाचाच कपडा मुक्कामाला ठेवेना. सकाळी आणा, संध्याकाळी न्या. अशानं गिऱ्हाइकं तुटली. मशीन थांबलं की पाठीमागे कपडे सळसळल्यासारखे वाटायचे. वळून बघावं तर बाराही खुंट्या रिकाम्या.

शेवटी एका गुरुवारी तिनं भाचीला बोलावलं. भाची विम्याचं काम करायची.

"मावशी, आधी टाचण्या काढ. माझ्यासमोर एखादी गिळलीस तर त्याचा विमा नाही."

"तू बोल. मी ऐकते."

"हा स्वस्तातला. आग, चोरी, पाइप फुटला, तर तुझ्या सामानाचे पैसे. पण जुन्या मशीनचे जुन्याच भावानं. हा महागातला नव्याच्या भावानं देतो."

"आणि गिऱ्हाइकांचे कपडे?"

"दोन्हींत नाहीत. ते तुझे कुठे आहेत? त्यासाठी वेगळं कलम जोडावं लागेल. घरात धंदा करतेस हेही लिहावं लागेल, म्हणजे हप्ता वाढला. काही जण लिहीत नाहीत. मशीन घरगुती म्हणून दाखवतात."

"आणि आग लागली की?"

"मग कंपनी विचारते, घरगुती माणसाला इतकी बटणं कशाला."

"लिही धंदा. माझं जुनं जुन्याच भावानं चालेल. लोकांचं भरून निघालं पाहिजे."

सामानाची यादी मावशीनं आधीच केली होती. भाची वाचू लागली. "मशीन, इस्त्री, कात्र्या तीन… निळा लोकरी कोट, बायकी, बटणं सहा. हा कुठंय?"

"जळला."

"जळलेल्याचा विमा कसा काढू मी?"

"मला काय माहीत. शिकलेली तू."

तेवढ्यात दार वाजलं. कोटवाले आजोबा. बायको गेल्यावर तिचा कोट मुलीच्या मापाचा करायला त्यांनी जुन्या घरी आणून दिला होता. नव्या घराचा पत्ता त्यांना कुणी दिला, देव जाणे. पण दर गुरुवारी यायचेच.

"झाला का?"

दोन वर्षं मावशी टाचण्यांआडून म्हणत आली होती, "थोडं राहिलंय." आज तिनं एकेक टाचणी काढून कापसाच्या उशीत खोचली.

"आजोबा, कोट जळला. जुन्या घरीच. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

आजोबांनी भिंतीवरच्या पहिल्या, रिकाम्या खुंटीकडे बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "बाह्या मात्र आखूड ठेवा. मुलीचे हात लहान आहेत." आणि जिना उतरून गेले.

भाचीनं पेन खाली ठेवलं. "त्यांना कळलं नाही का, मावशी?"

"कळलं असेल. नसेलही."

"पुढच्या गुरुवारी आले तर?"

"परत सांगेन. जितके गुरुवार येतील तितके." मावशीनं यादीतला कोट स्वतःच्या हातानं खोडला आणि सही केली.

पॉलिसी हातात आली त्या दिवशी शेजारीण झगा घेऊन आली. "राहू दे," मावशी म्हणाली, "परवा ने." तो तिनं दुसऱ्या खुंटीवर टांगला. पहिली कोटाची म्हणून रिकामीच ठेवली.

मग शिवायला बसली. मशीन थांबलं, आणि पाठीमागे कपडा सळसळला. दुसऱ्या खुंटीवरचा की पहिलीवरचा, हे बघायला ती वळली नाही.