पारावर न सांगितलेली वाट

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडच्या अलीकडे एक लहानसं खेडं आहे. महाराष्ट्र राज्य नवं होतं, जिल्हा परिषद त्याहून नवी, तेव्हा त्या गावात एकच सायकल होती आणि ती उकंडरावाची. दोन्हीकडे दुधाचे कॅन लटकवून हा गडी रोज धाडला जायचा. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीनं चाकं धरली की सायकलच त्याच्या खांद्यावर बसून यायची. गाव हसायचं. "काऊन बे उकंड्या, तू सायकलवर का सायकल तुयावर?" तोही हसायचा. पण रस्ता व्हावा म्हणून त्यानं जेवढे हेलपाटे घातले, तेवढे गावात दुसऱ्या कुणी घातले नाहीत.

शेवटी रस्ता मंजूर झाला. ओव्हरसियर साहेब भला माणूस निघाला. म्हणाला, "नकाशा मी काढीन, पण चालणार तुम्ही. पायी कोण कुठून जातं, सायकल कुठं अडते, ते गावानं सांगायचं. सगळ्यांना बोलवा." उकंडराव हरखून गेला. घरोघर फिरून त्यानं सगळ्यांना पारावर बोलावलं. सगळ्यांना म्हणजे सगळ्या बाप्यांना. पारावर बाईमाणूस चढत नसे, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाच्या बापाच्या डोक्यात येत नसे.

आदल्या संध्याकाळी त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, भाकरी थापता थापता विषय काढला.

"तुमच्या पारावर आमची वाट कोन सांगन?"

आमची वाट म्हणजे गावामागून गोदरीकडे जाणारी. पहाटे अंधारात आणि दिवेलागणीला बाया टमरेल घेऊन तिकडे जायच्या. पुरुष त्या वाटेला पाय लावत नसत. चुकून कुणी वळणापाशी आलाच, तर खाकरायचा आणि मान फिरवून परतायचा. त्या वाटेचं नावसुद्धा चारचौघांत काढायचं नाही, ही त्या गावची रीत. आता बाया काय हवेतून जात होत्या? पण रीत म्हणजे रीत.

"काट्यानं पाय फाटतात आमचे," झुंबरबाई म्हणाली. "नाल्याशी घसरते. बाळंतिणीचे तं हाल पाहावत नाहीत. थोडा मुरूम तिकडंही टाका म्हणा. सांगसान ना?"

"सांगतो ना. एवढा रस्ता आणला, एवढं सांगाले काय लागते मले?"

ती समाधानानं हसली. अशी हसली की उकंडरावाला ते पुढं जन्मभर विसरता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पार भरला. म्हाताऱ्या रामरावापासून सईद पिंजाऱ्यापर्यंत सगळे आले. कुणी नाल्यावर फरशी पूल मागितला, कुणी मळ्याकडची पायवाट दाखवली, सायकलची चढण कुठं मोडायची ते उकंडरावानं सांगितलं. साहेब नकाशावर रेघा मारत होता. मग त्यानं गावामागं बोट केलं.

"मुरमाची खदान इथं काढू. चांगला मुरूम आहे. कुणाची वाट अडते का?"

बोट नेमकं गोदरीच्या वाटेवर होतं. ती वाट कुणाच्या बायकोच्या पायाखाली नव्हती? कुणी पागोटं सारखं केलं, कुणी जमिनीवर काडी ओढली. साहेबानं उकंडरावाकडे पाहिलं. शब्द त्याच्या ओठांवर होता. पण समोर सख्खा बाप बसलेला, भाऊबंद बसलेले. घरच्या बायांची ती वाट, परक्या माणसापुढं तिचं नाव काढायचं? मग साहेबाला बाजूला घेऊन सांगू, असं त्यानं ठरवलं आणि मान हलवून म्हणाला, "नाही साहेब. तिथून कोणाचीच वाट नाही."

साहेब उठला तो रामरावाशी बोलतच जीपमध्ये बसला. बाजूला घ्यायचं राहूनच गेलं.

घरी झुंबरबाई दारातच उभी होती. तिनं नुसतं पाहिलं. उकंडराव म्हणाला, "सांगतलं."

बस, तेवढंच. तेवढ्यावर ती बाई गल्लीभर मिरवली. खदान खणायला लागली तरी तिचा विश्वास हलला नाही. "आमच्या घरच्यांनी सांगतलं होतं बापा, सायेबानंच ऐकलं नसन," असं ती शेजारच्या गोजरबाईला बजावून सांगायची. उकंडराव ऐकायचा आणि सायकल पुसत बसायचा. उद्या बुलढाण्याला जाऊन साहेबाला भेटू, असं रोज म्हणायचा. रोज दूध निघायचं, उद्या राहायचा. बाया बिचाऱ्या खदानीच्या काठाकाठानं जात राहिल्या.

श्रावणात झड लागली. खदान तुडुंब भरली. एका पहाटे काठ ढासळला आणि झुंबरबाई आत गेली.

गोजरबाईची किंकाळी ऐकून उकंडराव उघड्या पायांनी धावला. वळणापाशी आला आणि सवयीनं थांबला. खाकरला. मान फिरवली. मग त्याला कळलं आपण काय करतोय ते, आणि तो ओरडत त्या वाटेत शिरला. जन्मात पहिल्यांदा शिरला. कुठं वळायचं, कुठं उतरायचं, काहीच ठाऊक नाही. बाभळीच्या काट्यांत गेला, परत फिरला, "कुठून जाऊ? कोनी सांगा रे," म्हणून रडत राहिला. तो पोचला तोवर बायांनी वाट दाखवत नेलेल्या सईदनं तिला वर काढलं होतं. जीव नव्हता.

तेरवी झाल्यावर गोजरबाई गल्लीतल्या बाया घेऊन आली. उकंडराव भिंतीला टेकून बसला होता.

"नको रडू भाऊ," ती म्हणाली. "तुह्याकडून काही उणं झालं नाही. तू भर पारावर आमच्यासाठी बोलला. झुंबर शेवटपावतर सांगे."

"मी बोललोच नाही, गोजरबाई," उकंडराव म्हणाला. "तिथून कोणाची वाट नाही, असं म्याच सांगतलं साहेबाले. तिले खोटं सांगतलं."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. गोजरबाईनं पदरानं डोळे पुसले.

"दुःखात मानूस सोतालेच बोल लावते, बाप्पा."

"खरं सांगतो मी. रामरावाले विचारा."

"बरं, बरं. पानी पे थोडं."

त्यांनी त्याला पाणी पाजलं आणि उठल्या. दाराबाहेर गोजरबाई इतर बायांना सांगत होती, ते त्याला आत स्पष्ट ऐकू आलं. "झुंबर नशिबाची होती, बायाहो. असा नवरा कोनाले भेटते?"