काकांनी मावशीला स्टेक खाऊ घातला

अख्ख्या रत्नागिरीत माझ्या मावशीच्या यजमानांइतका मन लावून संतापणारा माणूस झाला नाही आणि होणारही नाही. आम्ही त्यांना काका म्हणत असू. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू बोटीच्या इंजिनखोलीत तेलवाला म्हणून काढून ते मांडवीच्या घरी ओट्यावर येऊन बसले, ते जणू गावाच्या चुका काढायलाच. एसटी उशिरा सुटली तर ते चिडतच, पण वेळेवर सुटली तरी "माणसं चढायच्या आत पळवतात मेले!" म्हणून चिडत. एकदा न्हाव्यानं, देवगडचा हापूसही आपल्याइतकाच गोड असतो, असं सहज म्हटलं. काका अर्ध्या हजामतीतून ताडकन उठले, तसल्या डोक्यानं राम आळीतून छाती काढून चालत घरी आले, आणि मावशी टोपी घेऊन पुढे आली तर म्हणाले, "मी कशाला झाकू? लाजायचं त्यानं!"

जेवताना तर त्यांच्या रागाला भूक लागे. आमटी पातळ, भात फडफडीत, बांगडा कालचा. मावशी पुन्हा वाढायची. मग काका हात थांबवून म्हणायचे, "जेवण म्हणजे स्टेक! परदेशात एका बंदरावर खाल्ला होता. मेंढीच्या मांसाचा हा एवढा जाड तुकडा. तुला काय कळणार त्यातलं!" मावशीनं खाडीपलीकडचं माहेर सोडलं तर फारसं जग पाहिलं नव्हतं. लग्नापासून ती तो स्टेक ऐकत आली होती.

ऐंशीच्या दशकात, गावातल्या मोजक्या घरांत रंगीत टीव्ही येऊ लागले होते तेव्हा, मुंबईत बऱ्याच शाखा असलेल्या एका हॉटेलानं मारुती मंदिराजवळ नवी शाखा काढली. दारावरच्या पाटीवर बिर्याणीच्याही वर ठळक अक्षरांत 'स्टेक' लिहिलेलं. काकांनी ते वाचलं मात्र, संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. "चल गो, तुला आज दाखवतोच," असं मावशीला आणि "तूही चल, साक्षीला," असं मला म्हणाले. मावशीनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

गळ्याशी फुलपाखरासारखा टाय लावलेल्या वेटरनं धुमसत्या लोखंडी ताटल्या आणून ठेवल्या. धूर ओसरला तेव्हा कोबीच्या पानावर खिम्याची एक चपटी वडी दिसली, तिच्यावर लालभडक सॉस. काकांनी ती काट्यानं उलटी केली, सुलटी केली. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"हे कटलेट आहे!"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. मॅनेजर धावत आला. "साहेब, आमच्या सगळ्या शाखांत स्टेक असाच मिळतो."

"मग तुमच्या सगळ्या शाखा खोट्या!" काका गरजले. "लोकांना काय समजता? आम्ही समुद्रापलीकडे गेलो नाही? खाल्लं नाही कधी? आणि तुम्ही बसून काय गिळताय?" हा शेवटचा सवाल शेजारच्या टेबलावरच्या निरपराध कुटुंबाला होता. त्या गृहस्थांचा घास हातातच राहिला. मी टेबलाखाली शिरायच्या बेतात होतो.

मावशी मात्र काटा-सुरी बाजूला ठेवून हातानं खात होती. "बसा हो," ती म्हणाली. "चांगला लागतोय."

"चांगला? ह्याला चांगला म्हणतेस? अगो, हा स्टेकच नव्हे!"

"मला काय ठाऊक? मी कधी खाल्लाय? तुम्ही सांगा ना, खरा कसा लागतो."

काका तावातावानं बसले. बोलायला तोंड उघडलं. त्या दिवशी बंदरावर पाऊस पडत होता म्हणाले. खानावळीत बोटानं दाखवून मागवलं, कारण भाषा येत नव्हती. काचेपलीकडे माणसं घरी चालली होती. मग ते थांबले. मावशी वाट बघत होती.

"चव आठवत नाही गो," ते हळू म्हणाले. "समोरची खुर्ची रिकामी होती, तेवढं आठवतं."

मावशीनं आपल्या ताटलीतली अर्धी वडी मोडून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती खाल्ली. "मीठ जास्त आहे," एवढंच म्हणाले. घरी जाताना त्यांनी वाटभर हॉटेलवाल्यांचा उद्धार केला, आणि मावशी हसू दाबत ऐकत राहिली.

पुढे मावशी गेली आणि काका आमच्याकडे जेवू लागले. पहिल्या दिवशी माझी बायको धास्तावलेली. पण ते पानात पडेल ते मुकाट्यानं खात आणि उठत. एकदा मी मुद्दामच आमटीत मीठ घालू दिलं नाही. निदान आज तरी हे घर त्यांच्या आवाजानं हादरेल, म्हणून मी वाट बघत बसलो. काकांनी आमटी भुरकली, वाटी रिकामी केली, आणि माझ्या बायकोकडे बघून अगदी मऊपणे म्हणाले, "छान झाली होती हो, सूनबाई."