शेहेचाळीसचा गट

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या व्यायामशाळेत मुलींना सकाळी सहा ते साडेसात एवढीच वेळ मिळायची. संध्याकाळ पुरुषांची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथं वजन उचलणाऱ्या मुली दोनच होत्या, मी आणि ती. मला वडिलांनी आणलं होतं. ते स्वतः तरुणपणी उचलायचे. आईला ते मुळीच पसंत नव्हतं. खांदे असेच रुंद होत गेले तर पुढं कोण पदरात घेईल, हा तिचा प्रश्न रोजचा.

तिला आणलं आमच्या सरांनी. सर एका कारखान्यात टर्नर होते. गुडघा गेल्यामुळे त्यांचं स्वतःचं खेळणं अर्ध्यात सुटलेलं. बदलापूरला त्यांच्या भावाच्या घराशेजारी एक इमारत उठत होती. तिथं त्यांनी एक मुलगी सिमेंटची अख्खी गोणी डोक्यावर घेऊन दुसरा मजला चढताना पाहिली. ती जांभूळ गावाच्या पुढच्या एका वाडीतली, कातकऱ्यांची. सरांनी तिच्या आईला काय सांगितलं कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यात ती आली. वाडीपासून चालत यायची, तासभर वजन उचलायची आणि तिथूनच कामावर जायची.

मी तेव्हा वीस वर्षांची. ती सतरा-अठराची असेल, तिला स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं. मला ती ताय म्हणायची. मला जे शिकायला दीड वर्ष लागलं ते ती चार महिन्यांत शिकली. स्नॅच म्हणजे बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर. त्यात माझी मजल पंचेचाळीस किलोपर्यंत, तीही चांगल्या दिवशी. ती पावसाळा संपेपर्यंत साडेबावन्न उचलू लागली. बार वर गेल्यावर ती हसायची, तेही जरा लाजून, कुणाचं काही घेतल्यासारखं.

डिसेंबरात ठाण्याला जिल्ह्याची निवड स्पर्धा होती. सरांनी वहीत आखणी सुरू केली. कुठल्या आठवड्यात किती वजन, कधी विश्रांती, स्पर्धेत पहिला प्रयत्न कितीचा. अडचण एकच होती. आम्ही दोघी पन्नास किलोच्या गटात बसत होतो आणि राज्य स्पर्धेला जिल्ह्यातून एका गटात एकच मुलगी जाणार होती. दोघी समोरासमोर आलो असतो तर मी हरले असते, हे सरांना माहीत होतं आणि मलाही.

त्यांनी आधी मला विचारलं. ती आली नव्हती त्या सकाळी. ‘‘तू वजन वाढवून चोपन्नमध्ये जातेस का? घरचं खाणं आहे तुझं, जमेल.’’

चोपन्नमध्ये कल्याणची एक मुलगी होती. मागच्या वर्षी तिचा पहिला प्रयत्नच माझ्या शेवटच्यापेक्षा जड होता. मी म्हणाले, ‘‘नको सर. तिथं मी कुठंच नसेन.’’

सरांनी वहीत एक आकडा खोडला. मग म्हणाले की तिला शेहेचाळीसमध्ये उतरवू, बारीक आहे, जाईल. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला समजावून सांगितलं. तीन किलो कमी करायचं, दोघींना राज्याला जाता येईल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चालंल म्हणाली.

सर मला बरोबर घेऊन तिच्या वाडीवर गेले, आईला खाण्याचं सांगायला. भात सकाळीच, तोही मूठभर. रात्री नुसती डाळ किंवा भाजी. शेवटच्या आठवड्यात मीठ बंद. आई चुलीजवळ बसून ऐकत होती. सरांना वाटलं तिला कळलं नाही, म्हणून त्यांनी परत सगळं सांगितलं. कळलं होतं तिला. ती म्हणाली, ‘‘यवढी वर्सं पोरीला पोटभर घालायला नाय मिलालं. आता मिलतंय, तं तुमी सांगता घालू नको.’’

सर म्हणाले, दीड महिन्याचाच प्रश्न आहे. घरी मी ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि दूध घेत होते. माझं वजन पन्नासच्या जरा वर, आठवडाभर साखर सोडली की उतरणारं.

व्यायामशाळेतला काटा भरवशाचा नव्हता. म्हणून दर शनिवारी आम्ही उल्हासनगरला एका सिंधी धान्यवाल्याकडे जायचो. सरांची जुनी ओळख. गोण्या तोलायच्या काट्यावर तो आम्हाला उभं करायचा आणि सर आकडा वहीत उतरवायचे. तिचा आकडा एकोणपन्नास. साडेअठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस. पहिल्या शनिवारी त्यानं घरून आणलेली कोकी, कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, आमच्यापुढं ठेवली. मी अर्धी खाल्ली, तिनं नुसतं पाहिलं. चौथ्या शनिवारी काट्यावरून उतरताना तिनं शेजारच्या गोणीचा आधार घेतला. धान्यवाला सरांना म्हणाला, ‘‘साहब, ये तो पहले से सूखी हुई है. इसमें से क्या निकाल रहे हो?’’

सरांनी हसून टाळलं. परतताना रिक्षात मात्र त्यांनी वही उघडून ते आकडे परत वाचले.

त्या दिवसांत तिचं बांधकामावरचं काम चालूच होतं. ते सोडून चालण्यासारखं नव्हतं आणि तसं कुणी सुचवलंही नाही. सकाळी बारवरचं वजन कमी होत गेलं. साडेबावन्नचं पन्नास, मग साडेसत्तेचाळीस. सर म्हणायचे, हे होतंच, वजन उतरताना ताकद थोडी जाते, शेवटी परत येते. मी एकदा तिला विचारलं, भूक लागते का गं. ‘‘आता नाय लागत, ताय,’’ ती म्हणाली. ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हे मला आज लिहायला हवं.

स्पर्धेच्या सकाळी वजन घेताना ती तीनशे ग्रॅम जास्त भरली. एक तास हातात होता. सरांनी तिला दोन स्वेटर आणि वर माझा रेनकोट घालून हॉलमागच्या मैदानात पळवलं. मी तिच्याबरोबर पळत होते. घाम येत नव्हता. अंगात पाणीच नव्हतं तर येणार कुठून? मग ती उन्हात बसली आणि तेवढंच वजन उतरावं म्हणून एका डब्यात थुंकत राहिली. तासाच्या शेवटी काटा बरोबर शेहेचाळीसवर थांबला. सरांनी माझ्याकडे पाहून मूठ आवळली.

वहीत तिचा पहिला प्रयत्न पंचेचाळीसचा होता. मला वाटलं, चाळीस सांगावं. एकदा सांगितलेलं वजन उचलता आलं नाही तर खाली येता येत नाही; तेच परत उचलायचं किंवा जास्त. तीन प्रयत्न फुकट गेले की सगळं शून्य. मी सरांना म्हणाले, थोडं कमी ठेवू या का. ते म्हणाले, पंचेचाळीस तिनं झोपेत उचललंय.

पहिल्यांदा बार डोक्यापर्यंत गेला आणि कोपर दुमडलं. दुसऱ्यांदा छातीच्या वर आला नाही. तिसऱ्या वेळी तिनं हातांना पावडर लावली, बार धरला आणि धरूनच राहिली. पंचांनी वेळ संपल्याची खूण केली तेव्हाही तिचे हात बारवर होते. सरांनी जाऊन तिला उठवलं.

माझा गट त्यानंतर होता. मी पंचेचाळीस उचललं, दुसऱ्या प्रकारातही, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर, तिन्ही प्रयत्न बरे गेले आणि मी पहिली आले. ती समोर नव्हती म्हणून. चोपन्नमधली कल्याणची मुलगी त्या दिवशी आलीच नाही. तो गट ज्या मुलीनं जिंकला तिची दोन्ही प्रकारांची बेरीज माझ्यापेक्षा कमी होती. सरांनी निकालाचा कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

ती मागच्या बाकावर बसली होती, अजून माझा रेनकोट घालून. मी जवळ गेले तर तिनं विचारलं, ‘‘ताय, आता जेवू?’’

आम्ही बाहेर एका हॉटेलात गेलो. सरांनी राइस प्लेट मागवली. तिनं चार घास खाल्ले आणि मोरीपाशी जाऊन ओकली. मग परत येऊन बसली आणि हळूहळू, एकेक शीत उचलून, सगळं संपवलं.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. आठवडा गेल्यावर मी वाडीवर गेले. खोपटाचं दार दोरीनं बांधलेलं होतं. शेजारची बाई म्हणाली, माणसं वीटभट्टीवर गेली, आता पावसापर्यंत नाय यायची. कुठल्या भट्टीवर, ते तिला ठाऊक नव्हतं.

राज्य स्पर्धेत मी आठवी आले. नऊ जणी होतो. सरांनी त्यानंतर मुलींची सकाळची वेळ बंद केली. गुडघा दुखतो, लवकर उठवत नाही म्हणाले. पाऊस आला, पहिल्या आठवड्यात माझं लग्न ठरलं आणि आईनं माझ्या खांद्यांबद्दल बोलणं सोडून दिलं. वाडीची माणसं परतली असणार. वाट मला माहीत होती. मी गेले नाही.