शेवटी एक तरी प्रश्न विचारा

कॉलेजातून अजूनही कुणीतरी फोन करून विचारतं, मुलाखतीच्या प्रशिक्षणाचा उपयोग झाला का? झाला, असं मी सांगते. कुठं झाला, ते सांगत नाही.

शेवटच्या वर्षाला पुण्याहून एक सर यायचे. मान वर, नजरेला नजर, आणि शेवटी समोरचा 'काही विचारायचंय का?' म्हणाला की गप्प बसायचं नाही, विचारायचंच. तळेघरला घरी सराव कुणासमोर करणार? मी म्हशीसमोर करायचे. तिची नजर अजिबात ढळत नसे, माझीच ढळायची. खऱ्या मुलाखती दोन झाल्या, तिथंही तेच झालं. दोन्हीकडं तोंडातून शब्द फुटला नाही.

वडील म्हणाले, "झालं तेवढं बास. रविवारी पावणं येत्यात." मला नोकरी हवी होती, अगदी हट्टानं हवी होती, पण तसं म्हणायला आता तोंड राहिलं नव्हतं.

रविवारी मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा आले. मामांचं आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान. आईनं बजावल्याप्रमाणे मी मान खाली घालून पोहे दिले. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मामा उगाच मोठेपणानं म्हणाले, "पोरी, तुला काय इचारायचं आसंल तर इचार."

मान आपोआप वर गेली.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?" मी मुलाला विचारलं.

त्यानं बापाकडं बघितलं. "हितंच. म्हंजे, घरीच."

"तुमचा एखादा कमकुवतपणा?"

"सकाळी उठवत न्हाई त्याला," त्याची आई बोलून गेली.

"ठीक आहे. आम्ही कळवतो," मी म्हणाले.

आता 'कळवतो' म्हणायचा मान मुलाकडच्यांचा! सगळ्यांचे पोहे घशातच अडकले. पाहुणे गेल्यावर आईनं माझा असा उद्धार केला की शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले. वडील मात्र उठून म्हशीला वैरण टाकायला गेले. मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

नकार दुसऱ्याच दिवशी आला. संध्याकाळी मामांनी वडिलांना वेगळा फोन केला. वडिलांचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळं सगळं ऐकू आलं. "लग्नाचं ऱ्हाऊ द्या. पोरगी माझ्या काउंटरला पाठवता का? कंपनीवाली मला गुंडाळून जात्यात राव. त्यांना आसं इचारणारं माणूस पायजे."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली नाही.

"पाठवतो की," ते म्हणाले. "पण पावणं, पाच वर्षांनी तिला कुठं बघता तुमी?"